ढीग कोणाचा, पुरावा कशाचा?

पक्ष्यांच्या घरट्यांवरचा पाठ शिकवताना सुगरण झाली, शिंपी झाला, ढोलीत स्वतःला कोंडून घेणारी धनेशाची मादी झाली, की शेवटी ‘जगावेगळा पक्षी’ म्हणून ऑस्ट्रेलियातला मॅलीफाउल हमखास हजेरी लावतो. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. माती आणि पाचोळा यांचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो आणि कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उबेवर ती उबवून घेतो. रोज ढिगात चोच खुपसून तापमान पाहतो. जास्त वाटले तर माती उपसतो, कमी वाटले तर माती चढवतो आणि अंड्यांभोवतीचे तापमान बरोबर ३३ अंश सेल्सियसवर ठेवतो. त्याला ‘थर्मामीटर पक्षी’ असेही म्हणतात. मुले थक्क होतात, घंटा होते, तास संपतो.

गोष्ट खोटी नाही. मीही ती अनेक वर्षे अशीच सांगितली. पण एखाद्या चौकस मुलीने उठून ‘सर, पक्षी तापमान मोजतो हे कोणाला आणि कसे कळले?’ असे विचारले, तर आपल्याकडे उत्तर असते का? बहुतेक पुस्तके निष्कर्ष देतात, पुरावा देत नाहीत. या पक्ष्याच्या बाबतीत तर पुरावा गोष्टीहून अधिक रंजक आहे, आणि काही ठिकाणी गोष्टीपेक्षा वेगळाही आहे. म्हणून ही गोष्ट जिथून निघाली त्या पुस्तकाकडे आणि त्यानंतर झालेल्या कामाकडे पुन्हा एकदा चिकित्सक नजरेने पाहणे उपयोगी ठरेल.

ते पुस्तक म्हणजे हॅरॉल्ड जेम्स फ्रिथ यांचे ‘द मॅली-फाउल : द बर्ड दॅट बिल्ड्स ॲन इनक्युबेटर’. प्रकाशन १९६२ चे. फ्रिथ ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या ग्रिफिथ गावाच्या परिसरात त्यांनी या पक्ष्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. एकाच मुळातून अनेक खोडे फुटणाऱ्या खुरट्या निलगिरींचे कोरडे रान तिथे आहे. त्यालाच ‘मॅली’ म्हणतात. पुस्तकाआधी १९५६ आणि १९५७ मध्ये त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. पुस्तक लिहिले ते सामान्य वाचकासाठी, आणि ते आजही वाचनीय आहे.

त्यातले वर्षचक्राचे वर्णन थोडक्यात असे. ऑस्ट्रेलियात शरद ऋतू लागला की नर जमीन उकरून खड्डा करतो. हिवाळाभर आजूबाजूचा पालापाचोळा मागच्या मागे पायांनी फेकत खड्ड्यात आणतो. पावसाने तो भिजला की वरून वाळू लोटतो. ओला पाचोळा कुजू लागतो, तापतो. वसंतात, म्हणजे साधारण सप्टेंबरपासून, मादी अंडी घालू लागते. मादीचे वजन दोन किलोच्या आत-बाहेर, आणि एकेक अंडे तिच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचे, कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट. एवढे मोठे अंडे रोज घालणे शक्यच नाही. दोन अंड्यांत काही दिवसांचे अंतर पडते आणि अंडी घालण्याचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो. त्यामुळे पहिल्या अंड्यातले पिल्लू बाहेर पडून रानात निघून गेले तरी त्याच ढिगात नवी अंडी पडतच असतात. ढीग सांभाळण्याचे नराचे काम वर्षातले दहा-अकरा महिने संपत नाही.

यातला खरा मुद्दा उष्णतेच्या स्रोताचा आहे, आणि नेमका तोच आपल्या गोष्टीतून गळतो. वसंतात उष्णता कुजण्यातून येते आणि ती जास्त होते. तेव्हा नर पहाटे ढीग उघडून ती बाहेर जाऊ देतो. भर उन्हाळ्यात कुजणे मंदावते, पण सूर्य वरून भाजत असतो. तेव्हा नर वाळूचा थर वाढवतो, म्हणजे ऊन आतपर्यंत पोचत नाही, आणि अधूनमधून पहाटेच्या गारव्यात वाळू पसरून, थंड करून परत आत घालतो. शरदाच्या तोंडाशी पाचोळ्यातली शक्ती संपलेली आणि ऊनही उतरलेले. आता तो पहाटेऐवजी दिवसा, ऊन चढल्यावर ढीग उघडतो, वाळू उन्हात पसरतो आणि तापलेली वाळू अंड्यांवर ओढून घेतो. म्हणजे ‘गरम झाले की उपसणे, गार झाले की झाकणे’ असा एकच सोपा नियम इथे नाही. उन्हाळ्यात झाकल्याने ढीग गार राहतो आणि शरदात उघडल्याने ऊब मिळते. तेच काम ऋतूप्रमाणे उलट परिणामासाठी केले जाते.

इथे कोणीही शंका घेईल. कदाचित पक्षी तापमान वगैरे काही ओळखत नसेल. दिवस लहान-मोठा झाला किंवा हवा बदलली की ठरावीक हालचाली आपोआप होत असतील. कोंबडी खुडूक होते तेव्हा ती काही पंचांग पाहत नाही, पण अंड्यांचे तापमान मोजूनही बसत नाही. नुसत्या निरीक्षणाने या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत, कारण निसर्गात ऋतू आणि ढिगाचे तापमान दोन्ही बरोबरच बदलतात. फ्रिथ यांनी त्या वेगळ्या केल्या. त्यांनी ढिगात विजेची तापवणारी वेटोळी पुरली, रानात जनित्र नेऊन त्यांना वीजपुरवठा केला आणि पक्ष्याच्या नकळत ढीग तापवला. हवा तीच, ऋतू तोच, बदलले ते फक्त ढिगाच्या पोटातले तापमान. नराने ढीग नेहमीपेक्षा जास्त उघडून उष्णता बाहेर काढायला सुरुवात केली. म्हणजे तो कॅलेंडरला नव्हे, ढिगातल्या उष्णतेला प्रतिसाद देत होता.

माझ्या मते संपूर्ण पुस्तकात शिक्षकाने वर्गात नेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हीच. एक घटक बदला, बाकीचे तसेच ठेवा, हे वाक्य आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. इथे ते रानात, जिवंत आणि भित्र्या पक्ष्यावर करून दाखवले आहे. पण मराठीत-इंग्रजीत ही गोष्ट जिथे जिथे वाचली, तिथे चोच खुपसणारा पक्षी आहे आणि जनित्र नाही.

आता त्या आकड्याविषयी. फ्रिथ यांच्या लेखनात अंड्यांजवळचे तापमान ९२ अंश फॅरनहाइट असे येते. हा सरासरी, पूर्णांकात दिलेला आकडा. सेल्सियसमध्ये रूपांतर करताना काही पुस्तके ते ३३.३ असे छापतात, आणि दशांश चिन्ह आले की आकड्याला एकाएकी प्रयोगशाळेची प्रतिष्ठा मिळते. मूळ मोजमापात नसलेली अचूकता गणिताने निर्माण होत नाही, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड बूथ यांनी मॅलीफाउलच्या अंड्यांचा अभ्यास केला. नैसर्गिक ढिगांत तापमान चांगलेच खाली-वर होते आणि भ्रूण ते सहन करतो, असे त्यातून दिसले. गार ढिगात अंडे उबायला जास्त दिवस लागतात, उबदार ढिगात कमी. तेव्हा पक्ष्याच्या नेमकेपणाइतकेच श्रेय अंड्याच्या सोशिकपणाला द्यायला हवे. ‘बरोबर ३३ अंश’ हे शब्द पाठातून काढून ‘३३-३४ अंशांच्या आसपास, पण बऱ्याच चढउतारांसह’ असे म्हटले तर पक्ष्याची किंमत काही कमी होत नाही.

दुसरा दोष फ्रिथ यांचा नाही, त्यांच्या वाचकांचा आहे. त्यांनी एका जातीविषयी जे दाखवले ते सगळ्या कुळाला चिकटवले गेले. मेगापोड, म्हणजे ‘मोठ्या पायाचे’, या कुळात सुमारे बावीस जाती आहेत आणि त्या सगळ्या ढीग करत नाहीत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा मॅलिओ समुद्रकाठच्या उन्हाने तापलेल्या वाळूत किंवा ज्वालामुखीच्या उष्णतेने गरम असलेल्या जमिनीत खड्डा करून अंडे पुरतो आणि निघून जातो. पुन्हा तिकडे फिरकतही नाही. त्याला तापमान मोजावे लागते ते फक्त जागा निवडताना. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा ब्रशटर्की ढीग करतो, पण त्याचे रान ओले असते आणि ढिगात वाळू नसते, जवळजवळ सगळा पाचोळाच असतो. मॅलीफाउलचे ऊन-वाळूचे गणित त्याला लागूच पडत नाही.

ब्रशटर्कीच्या ढिगाचे भौतिकशास्त्र रॉजर सीमूर आणि डेव्हिड ब्रॅडफर्ड यांनी तपासले. त्यांचा निबंध १९९२ चा आहे. तो समजायला आपल्याला ऑस्ट्रेलियात जायला नको, गावाबाहेरचा उकिरडा पुरे. थंडीच्या दिवसांत सकाळी उकिरडा उकरला की वाफा निघतात. ओंजळभर पाचोळा भिजवून ठेवला तर तो कुजतो, पण गरम लागत नाही. असे का? उष्णता निर्माण होते ती ढिगाच्या घनफळात, बाहेर जाते ती त्याच्या पृष्ठभागावरून. वीस सेंटिमीटर बाजूचा घन आणि एक मीटर बाजूचा घन यांची तुलना करा. पृष्ठफळ २५ पट वाढते, घनफळ १२५ पट. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला पाचपट उष्णता बाहेर टाकण्याचे काम येते. शिवाय आतल्या उष्णतेला बाहेर येण्याची वाटही लांबची. म्हणून मोठा ढीग आत तापतो. ब्रशटर्कीचा ढीग काही टन वजनाचा असतो, आणि त्यातले सूक्ष्मजीव जेवढी उष्णता निर्माण करतात तेवढी अंड्यांवर बसलेल्या कोणत्याही पक्ष्याच्या अंगात नसते.

एवढा मोठा, ओलसर ढीग चटकन तापत नाही आणि चटकन निवतही नाही. आतले तापमान वाढले की बाहेर जाणारी उष्णताही वाढते, आणि एका ठिकाणी निर्मिती व ऱ्हास यांचा तोल बसतो. तो कोणत्या तापमानाला बसेल हे ढिगाचा आकार, ओलावा आणि ताज्या पाचोळ्याचे प्रमाण ठरवतात. ताज्या पाचोळ्याचा अगदी पातळ थर चढवला तरी तोलाची जागा वर सरकते. अर्थात ब्रशटर्कीच्या नराला घडोघडी चोच खुपसून कमी-जास्त करण्याची फारशी गरज नाही. ढीग योग्य आकाराचा राखणे आणि पाचोळा संपत आला की नवा घालणे हे त्याचे मुख्य काम. तापमानाचे स्थैर्य बरेचसे ढिगाचे स्वतःचे आहे. ‘थर्मामीटर पक्षी’ या नावात सगळे श्रेय पक्ष्याच्या चोचीला जाते आणि ढिगाचे भौतिकशास्त्र अदृश्य होते. विज्ञानाच्या शिक्षकाला हे परवडणारे नाही.

या ढिगांतल्या तापमानाचा आणखी एक परिणाम २००५ मध्ये ॲन ग्योथ आणि बूथ यांनी प्रसिद्ध केला. ब्रशटर्कीची अंडी ३१ अंशांना उबवली तर नर पिल्ले जास्त निघतात, ३६ अंशांना माद्या जास्त, आणि ३४ च्या सुमारास दोन्ही सारखी. लगेच ‘मगरी-कासवांप्रमाणेच’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कासवाच्या अंड्यात तापमान लिंग ठरवते. पक्ष्यांत लिंग गुणसूत्रांनी आधीच ठरलेले असते, ब्रशटर्कीतही. इथे वेगवेगळ्या तापमानाला नर आणि मादी भ्रूण कमी-अधिक प्रमाणात मरतात, म्हणून पिल्लांचे प्रमाण बदलते. निष्पत्ती सारखी दिसली तरी यंत्रणा निराळी आहे.

मगरींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक जुना समज. मगरीसुद्धा पाचोळ्याचे ढीग करून अंडी घालतात, म्हणून मेगापोड हे सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय टिकवून धरलेले ‘आद्य’ पक्षी, असे अजूनही कुठे कुठे लिहिलेले सापडते. हे कोंबडीच्या गणातले पक्षी आहेत, त्या गणाच्या वंशवृक्षावरची सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी. पण त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या फांद्यांवरचे, अगदी शहामृगापर्यंतचे, पक्षी अंड्यांवर बसतात. तेव्हा मेगापोडांचे पूर्वजही बसत असावेत आणि ही सवय नंतर सुटली असावी, हेच अधिक सरळ अनुमान. भ्रूणात त्याची एक खूणही आहे. कवच फोडायला पिल्लाच्या चोचीवर जो ‘दात’ असतो, तो मेगापोडाच्या भ्रूणाला येतो आणि बाहेर पडण्याआधीच नाहीसा होतो. पिल्लू कवच फोडते ते पाय आणि पाठ यांच्या जोराने.

त्या पिल्लाची हकीकत मी इथे लांबवत नाही, ती बहुतेक पुस्तकांत चांगली दिलेली असते. अंड्यातल्या द्रव्यात निम्मा किंवा त्याहून जास्त बलक, म्हणून पिल्लू पूर्ण वाढलेले, पिसे फुटलेले. ढिगातून स्वतः उकरत वर येते, आई-बाप भेटत नाहीत, एक-दोन दिवसांत उडूही शकते. मात्र कोणी शिकवले नाही तर ते आपल्या जातभाईला ओळखते कसे, हा प्रश्न पुस्तके ‘उपजत बुद्धी’ म्हणून मिटवतात. ग्योथ आणि ख्रिस्तोफर एव्हान्स यांनी तो मिटवला नाही. त्यांनी ब्रशटर्कीच्या पिल्लासारखी यांत्रिक पिल्ले केली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जमीन टोचणाऱ्या यांत्रिक पिल्लाकडे खरी पिल्ले अधिक जात. शिवाय पाय आणि चोच यांवरून परावर्तित होणारे काही रंग, त्यात अतिनील प्रकाशही आला, गाळून टाकले की ओढ कमी होई. ‘उपजत’ हा शब्द उत्तराचे नाव नसून प्रश्नाचे नाव आहे, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता पुन्हा ढिगांकडे, पण वेगळ्या बाजूने. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्ट एसिंग्टन येथे ब्रिटिशांनी १८३८ मध्ये ठाणे वसवले. रानात त्यांना मोठमोठे मातीचे ढीग दिसले, काही तर पंधरा फूट उंच. हे इथल्या मूळ रहिवाशांच्या थडग्यांचे ढीग असावेत, असे गोऱ्यांनी ठरवले. मुलांना खेळायला आयांनी ते रचले, असेही एक मत होते. रहिवासी स्वतः सांगत होते की ही एका पक्ष्याची घरटी आहेत. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञासाठी नमुने गोळा करणारा जॉन गिल्बर्ट १८४० मध्ये तिथे आला. त्याने मात्र त्यांचे ऐकले आणि ढीग उकरला. सुमारे दोन फूट खोल, सुकलेल्या पानांवर पडलेले लहान पिल्लू त्याला मिळाले. पुढे एका रहिवाशाने उकरून अंडीही काढून दिली. ‘शोध’ मात्र गिल्बर्टच्या आणि गूल्डच्या नावावर नोंदला गेला.

याच्या अगदी उलट प्रकरण न्यू कॅलेडोनियात घडले. तिथल्या ईल दे पॅं या लहान बेटावर मातीचे शेकडो उंचवटे आहेत. उत्खननात मानवी हाडे किंवा मडकी अशी माणसाची खूण मिळाली नाही. काही उंचवट्यांच्या मध्यभागी मात्र सिमेंटसारखा घट्ट चुनखडीचा खांब निघाला. त्यातल्या द्रव्याच्या आणि गोगलगायींच्या शंखांच्या कार्बन-कालमापनातून आलेली वर्षे या बेटांवर माणूस पोचला त्याच्या कितीतरी आधीची होती. माणूस तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आला. याच सुमारास न्यू कॅलेडोनियात एका नामशेष, न उडणाऱ्या, प्रचंड पक्ष्याची हाडे मिळाली. फ्रान्स्वा पोप्लॅं यांनी १९८० मध्ये त्याचे सिल्व्हिऑर्निस असे नामकरण केले. आधी तो शहामृगाच्या नात्यातला वाटला, मग १९८५ मध्ये तो मेगापोड असल्याचे मांडले गेले. मग काय, दुवा जुळला! माणसाआधीचे ढीग आणि ढीग रचणाऱ्या कुळातला महाकाय पक्षी. हे उंचवटे म्हणजे त्याची उबवणयंत्रे, असे पुस्तकांत येऊ लागले.

या साखळीची प्रत्येक कडी तपासून पाहण्यासारखी आहे. शंखाचे वय म्हणजे ढिगाचे वय नव्हे. जुनी माती उपसून नवा ढीग केला तर जुने शंख त्यात येणारच. शिवाय चुनखडीच्या प्रदेशात गोगलगायींच्या शंखात खडकातला जुना कार्बन शिरतो आणि ते आहेत त्याहून जुने भासतात. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर तीस किलोच्या आसपासचा हा पक्षी मेगापोड होता का? २०१६ मध्ये ट्रेव्हर वर्दी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हाडांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तो कोंबडीच्या गणाच्या मूळ खोडाजवळचा, पण मेगापोड नव्हे, आणि टनावारी माती उकरायला लागणारी पायाची रचना त्याच्यात नाही, असा त्यांचा निष्कर्ष. २०१७ मध्ये पुरातत्त्वज्ञ लुई लागार्द यांनी हे उंचवटे माणसाच्याच हातचे आणि शेतीशी संबंधित असावेत, असा युक्तिवाद केला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या नामशेष, आजच्यांपेक्षा मोठ्या मेगापोडांच्या हाडांचीही फेरतपासणी झाली. त्यांचे पाय आणि नख्याही ढीग रचण्याजोग्या दिसत नाहीत, ते मॅलिओसारखे उबदार जमिनीत अंडी पुरत असावेत, असे संशोधकांनी सुचवले. तेव्हा ‘मेगापोड म्हणजे ढीग’ हे समीकरण नात्यातल्या सगळ्यांना लावणे किती धोक्याचे आहे, ते दिसते. ‘सिल्व्हिऑर्निसचे ढीग’ मात्र जुन्या पुस्तकांच्या आधारे लिहिलेल्या लेखांतून अजून भेटतात.

माझी मोठी तक्रार शेवटी राहिली. आपल्या पाठात ऑस्ट्रेलियाचा मेगापोड येतो, भारतातला येत नाही. निकोबार बेटांवर मेगापोडाची एक जात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. या कुळाच्या बाकीच्या जाती बहुतेक वॉलेस रेषेच्या पूर्वेला, आणि हा एकटा पार पश्चिमेला, मधल्या सुमात्रा-मलायात कुळाचा मागमूस नाही. भूगोलाच्या शिक्षकांनाही ही जात हाताशी असायला हवी. कोंबडीएवढा, तपकिरी रंगाचा, चेहऱ्यावर तांबडी कातडी असलेला हा पक्षी किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, माती आणि पाचोळा यांचा ढीग करतो. एकाच ढिगात एकापेक्षा अधिक जोड्याही अंडी घालतात, आणि ढीग वर्षानुवर्षे वापरात राहतो. अंडे उबायला अडीच महिन्यांच्या जवळपास लागतात. कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे रवी शंकरन आणि के. शिवकुमार यांनी १९९० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. त्यातला काही भाग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही आला आहे. म्हणजे साहित्य परदेशी ग्रंथालयात अडकले आहे अशीही सबब नाही.

या पक्ष्याची सगळी मदार किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यावर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नेमका तोच पट्टा धुऊन नेला, आणि भूकंपामुळे बेटांची जमीन खचल्याने काही भाग कायमचा पाण्याखाली गेला. शिवकुमार यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार किनाऱ्यावरच्या प्रजननक्षम जोड्या १९९३-९४ च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या होत्या, जेमतेम आठशे उरल्या होत्या. ज्या लहानशा बेटाला या पक्ष्यावरून मेगापोड बेट असे नाव होते, तिथे तो आढळलाच नाही. पुढे ग्रेट निकोबारवरच्या गलाथिया उपसागरात मोठे बंदर करण्याचे ठरले. त्यासाठी तिथल्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला आणि प्रकल्पाला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी मेंचाल या छोट्या बेटावर मेगापोडासाठी अभयारण्य जाहीर झाले.

एका ठिकाणचे ढीग गेले तर दुसरीकडे जागा दिली, इतका हा साधा हिशेब आहे का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा, आणि तो आपण वर पाहिलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारे सोडवायला सांगावा. ढीग तापायला किती मोठा लागतो? त्याला किती पाचोळा आणि किती ओल हवी? तो पाचोळा किती झाडांखालून, किती क्षेत्रातून गोळा होतो? छोट्या बेटाच्या किनाऱ्यावर असे किती ढीग मावतील? शाळेच्या आवारात पानगळीच्या दिवसांत मीटरभर उंचीचा ओल्या पाचोळ्याचा ढीग करून, त्यात बांबूच्या नळीतून दोरीने तापमापक सोडून, रोज एकाच वेळी नोंद घेतली, तर महिन्याभरात निम्म्या प्रश्नांची उत्तरे मुले स्वतःच काढतील. तापमापक बाहेर काढल्यावर लगेच वाचावा लागतो, नाहीतर पारा उतरतो आणि नोंद चुकते. शेजारी गुडघ्याएवढा दुसरा ढीगही ठेवावा, कारण तुलनेशिवाय पहिल्या ढिगाच्या आकड्यांना अर्थ नाही.